कुठेही चालणारी डबी

बंगळूरच्या बनशंकरीतल्या जुन्या मराठी घरांत वसुमतीअक्कांना न ओळखणारं माणूस शोधावं लागेल. मुंज असो, लग्न असो, साठीशांत असो, पत्रिका अक्कांकडेच व्हायची. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड आणि दोन्हीकडे माथ्यावर कुलस्वामी. कुठल्या घरात आजोबांचं नाव आधी येतं आणि कुठल्या घरात थोरल्या काकांचं, कुणाच्या नावामागे यंदा ‘कै.’ लावायची वेळ आली, कुठले दोन भाऊ बोलत नाहीत आणि म्हणून एका ओळीत घ्यायचे नाहीत, हे सगळं अक्कांना ठाऊक. त्यामुळे लोक मजकूर आणायचेच नाहीत. “थोरल्याच्या मुंजीची होती तशीच करा की हो अक्का,” एवढं सांगायचे, कॉफी प्यायचे आणि जायचे.

हे काम चालायचं ते स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळकांडीत. यजमानांनी पहिलं मशीन, म्हणजे संगणक, घरात आणलं तेव्हा हॉलमधे त्यांची खुर्ची होती, खोलीत कपाट होतं, उरली ती बोळकांडी. एक कान दुधाकडे ठेवून अक्का अक्षरं जुळवायच्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, खुर्चीवर आता वाळलेले कपडे असतात, तरी मशीन बोळकांडीतच राहिलं. ते हलवावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. अक्कांच्याही नाही.

मग घरमालक देवाप्पांनी निरोप दिला की घर पाडून तिथे अपार्टमेंट उठणार आहे, उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आत जागा सोडा. अक्कांचा मुलगा शंतनु शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला राहायचा. त्याचा लगेच फोन आला. “आई, आता बाकीचं काही बघू नकोस, सरळ इकडे ये. फक्त सामान स्वल्प कमी आण.”

शंतनु हे प्रेमानंच बोलला, यात शंका नाही. पण अक्कांचं सगळं लक्ष शेवटच्या वाक्यावर अडकलं. मुलाचं घर त्यांना माहीत होतं. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, टेबलावर एक रोपटं आणि दुसरं काही नाही. त्या घरात आपलं ट्रंकेएवढं जुनं मशीन कुठे जायचं? ‘मशीन आणू का’ असं एका वाक्यात विचारता आलं असतं. पण कुणाकडे काही मागायचं म्हणजे अक्कांच्या अगदी जिवावर यायचं. मशीन गेलं की पत्रिका गेल्या. कारण त्यांचे ते जुने फॉण्ट नव्या मशीनवर उघडले की ‘श्री’च्या जागी चौकोन आणि खिळे उमटतात. आणि पत्रिका गेल्या की बेळ्ळंदूरला आपण कोण, हे त्यांना कळेना. शंतनुची आई, हे तर खरंच. पण दिवसभर नुसती आईच कशी असायची?

तर मागण्याऐवजी अक्कांनी एक युक्ती काढली, आणि त्या युक्तीत अवधूत सापडला.

अवधूत पुण्याचा, संगणकातला, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा अक्कांचं मराठी ऐकून तो आधी दचकला आणि मग त्याला त्याची गोडीच लागली. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी त्याला बिसीबेळे भाताचा डबा दिला होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून विचारलं, “डबा खाली आहे की नाही रे?”

“नाही अक्का, वरच आहे,” अवधूत म्हणाला. “टेबलावर.”

“टेबलावर असू दे की. खाली झाला का?”

इथे पाच मिनिटं गेली. शेवटी उलगडा झाला की इथल्या जुन्या घरांत कन्नडासारखं ‘खाली’ म्हणजे रिकामं, आणि पुण्यात ‘खाली’ म्हणजे फक्त खाली. अवधूत पोट धरून हसला. अक्काही हसल्या, पण मनात कुठेतरी ओशाळल्या. आपलं मराठी शुद्ध नाही ही बोच या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या असते. त्या दिवसापासून त्या अवधूतशी बोलताना जपून ‘रिकामं’ म्हणू लागल्या.

त्याच अवधूतला त्यांनी आता सांगितलं, “मला एक डबी करून दे. कुठल्याही मशीनला लावली की ते माझं मशीन झालं पाहिजे. काढली की पुन्हा ज्याचं त्याचं.”

अवधूतनं डोकं खाजवलं. मग हाताच्या तळव्याएवढा एक एक्स्टर्नल ड्राइव्ह आणला. होतं असं म्हणाला, पण सोपं नाही. कारण मशीनच्या पिढ्या वेगळ्या. जुनं मशीन जागं झालं की डिस्कच्या पहिल्या ओळीत काय लिहिलंय ते वाचतं आणि सांगितलं असेल तिकडे जातं. नवं मशीन त्या ओळीकडे ढुंकून बघत नाही. त्याला डिस्कवर एक वेगळी छोटी खोली लागते, तिच्यात ठरावीक नावाची फाइल लागते. आणि अगदी नव्याला त्या फाइलवर ओळखीची सही लागते, नाहीतर ते दारातूनच परत पाठवतं.

“म्हणजे पत्रिकेसारखंच,” अक्का म्हणाल्या. “कुणाला माथ्यावर कुलस्वामी नसला तर पत्रिका हातात धरत नाहीत. कुणाला आधी स्वतःचं नाव दिसायला हवं.”

“तसंच. शिवाय जुनं मशीन बत्तीस बिटांचं आणि नवं चौसष्टचं.”

“एक बत्तीसलक्षणी आणि दुसरं चौसष्ट कळांचं. बरी जोडी आहे.”

“चौसष्टवाल्याला बत्तीसचं पचतं अक्का, उलट पचत नाही. म्हणून आत बत्तीसचीच सिस्टीम ठेवू. दारं मात्र दोन करायची, एक जुन्यासाठी, एक नव्यासाठी.”

अक्कांनी मान हलवली. खरं सांगायचं तर त्यांना निम्मं कळलं आणि निम्मं कळल्यासारखं वाटलं. पुढचे काही आठवडे असेच गेले. डबी बोळकांडीतल्या मशीनला लावली की कधी ते उठायचं, कधी काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत बसायची. शंतनुचा कॉलेजातला लॅपटॉप आणून बघितला, तर त्याला सुरू होता होता एक बटण दाबावं लागे आणि अक्कांचं बोट तिथे पोचेपर्यंत तो आपल्या वाटेनं निघून गेलेला असे. एकदा सगळं नीट उठलं आणि पडद्यावरच्या सगळ्या वेलांट्या एक एक अक्षर सोडून पुढे जाऊन बसल्या. अवधूत म्हणायचा, होईल. अक्का म्हणायच्या, सरी, म्हणजे बरं. मधेच बोळकांडीतल्या मशीनच्या आतली जुनी डिस्क कटकट आवाज करायला लागली. अवधूतनं घाईघाईनं अक्कांचं सगळं काम डबीत उतरवून घेतलं आणि दोनच दिवसांनी ती डिस्क कायमची गप्प झाली. आता मशीन डबीच्या जोरावर चालू लागलं आणि इतक्या वर्षांच्या सगळ्या मुंजी आणि लग्नं त्या तळव्याएवढ्या डबीत होती, दुसरीकडे कुठेच नाही. अवधूत म्हणाला की रविवारी दुसरी प्रत करू.

रविवार यायच्या आधी शुक्रवार आला.

त्या संध्याकाळी शंतनु आणि भार्गवी यायचे होते. भार्गवी म्हणजे अक्कांची सून, नागपूरची, बोलायला मोकळी. ती आपला नवा लॅपटॉप घेऊन येणार होती, डबी त्याच्यावर उठते का ते बघायला. आणि नव्या मशीनसाठीचं दार तर अजून व्हायचं होतं. डिस्कवर त्यासाठी एक छोटा भाग अवधूतनं राखून ठेवला होता; तो साफ करून तयार करायचा एवढंच राहिलं होतं. अवधूत ऑफिसात. अक्कांनी दुपारी न राहवून त्याला फोन लावला.

“सोपं आहे अक्का, तुम्हीच करून टाका,” तो म्हणाला. त्याच्या मागे चारपाच जणं एकदम बोलत होती. “ती डिस्कची यादी उघडा. तीन भाग दिसतायत?”

दिसत होते. सगळ्यात वर तो छोटा, अजून काही न भरलेला. मधे सिस्टीम. आणि सगळ्यात तळाला अक्कांचं काम.

“जो खाली आहे ना, तो निवडा आणि फॉरमॅट करा.”

अक्का थबकल्या. खाली. आपण म्हणतो ते खाली की हा म्हणतो ते? पण बोलतोय कोण? अवधूत. पुण्याचा मुलगा. त्याच्या तोंडी खाली म्हणजे खालचा. आपण आपलं गावठी कन्नड त्याच्या बोलण्यात घुसवून घोळ करायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तरीही खात्री असावी म्हणून विचारलं.

“खालीच ना रे?”

“हो हो, खालीच. बिनधास्त करा.”

मशीननं इंग्रजीत विचारलं, नक्की का? अक्का हो म्हणाल्या.

संध्याकाळी अवधूत आला, पडद्याकडे बघितलं आणि स्टुलावर बसला. तळाचा भाग, अक्कांच्या सगळ्या पत्रिकांचा, साफ झाला होता. मग म्हणाला, “अक्का, मी खाली म्हणालो म्हणजे रिकामा. तुम्ही म्हणता तसं. मुद्दाम तुमचा शब्द वापरला, तुम्हाला पटकन कळावं म्हणून.”

“आणि मी मुद्दाम तुझा अर्थ घेतला,” अक्का म्हणाल्या. “तू बोलत होतास म्हणून.”

आता यात रागवायचं तरी कुणी आणि कुणावर? आडमुठेपणानं झालेलं नुकसान असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. हे दोघांनी एकमेकांना सांभाळून घेताना झालं होतं. अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि चार कप लागतील तिथे सहा कप कॉफी करून बसल्या. शंतनु आणि भार्गवी आले तेव्हा त्यांना काय झालं हे दोनदा सांगावं लागलं. भार्गवीनं अक्कांच्या पाठीवर हात ठेवला. शंतनु म्हणाला, “असू दे गं आई. नाहीतरी आता तू आरामच करायचास.” हे ऐकल्यावर मात्र अक्का खरंच रडल्या, आणि शंतनुला आपलं काय चुकलं ते समजेना.

अवधूत हरला नव्हता. पुसलेलं लगेच पुसलं जात नाही, फक्त दारावरच्या पाट्या निघतात, असं त्यानं सांगितलं आणि डबी वर नेली. आठवडाभरानं आणून दिली तेव्हा जवळजवळ सगळं परत आलं होतं. फक्त नावं गेली होती. ‘पुरुषोत्तमराव थोरला मुंज’ असं जिथे असायचं तिथे नुसते आकडे. अक्का एक एक फाइल उघडून बघायला लागल्या. लग्नघरात समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटावा आणि नाव आठवू नये, तसं दिवसभर चाललं. एकच पत्रिका दोनदोन, तीनतीनदा निघायची. कुठली पक्की आणि कुठली कच्ची? एकीत एक काका हयात, दुसरीत त्यांना ‘कै.’ लागलेलं. मग आधीची कुठली ते कळायचं. तारखा बघून, नावं बघून, मनाशी नाती जुळवून त्यांनी बरंचसं ओळखलं, आणि काही तसंच आकड्यांत सोडून दिलं.

मधल्या काळात अवधूतनं नवं दारही केलं. तो एचएसआर लेआउटला राहायला गेला त्याच्या आदल्या दिवशी डबी भार्गवीच्या लॅपटॉपला लावली. सहीचं कुलूप काढायला भार्गवीनं परवानगी दिली, पडदा काळा झाला, थोडा वेळ तसाच राहिला आणि मग अक्कांचं बोळकांडीतलं मशीन जसंच्या तसं त्या चकचकीत पडद्यावर उगवलं. वेलांट्यासुद्धा जागच्या जागी. अवधूतनं टाळ्या वाजवल्या. जुन्यावर चालते, मधल्यावर चालते, नव्यावर चालते. तीन पिढ्या झाल्या, तो म्हणाला. अक्कांनी त्याला वाकून नमस्कार करू दिला आणि हातावर दोन लाडू ठेवले. मग देवाप्पांच्या घरातलं निघणारं सगळं निघालं. जुनं मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं तेव्हा अक्कांना वाईट वाटलं, पण डबी पर्समधे होती.

बेळ्ळंदूरला अक्कांचं आदरानं स्वागत झालं. स्वतंत्र खोली होती, खिडकीतून तळं दिसायचं. बनशंकरीतल्या पुरुषोत्तमरावांचा फोन आला, नातवाची मुंज ठरली होती आणि पत्रिका अक्कांनीच करायची होती. अक्का हरखल्या. भार्गवी म्हणाली, “घ्या ना आई माझा लॅपटॉप, विचारायचं काय त्यात?” अक्का बसल्या, डबी लावली, कुलस्वामीचं नाव टाकलं. संध्याकाळी भार्गवी ऑफिसातून आली. तिची एका परीक्षेची तयारी चालली होती आणि आठला त्याच लॅपटॉपवर वर्ग असे.

“झालं का आई? घाई नाही, सावकाश.”

घाई नाही म्हणणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवायचं कसं? अक्कांनी सगळं मिटलं, डबी काढली. दुसऱ्या दिवशी शंतनुचा जुना लॅपटॉप घेतला, तर तो टीव्हीला जोडलेला असायचा आणि रात्री शंतनुला सामना बघायचा होता. “बस गं तू, मी फोनवर बघतो,” तो म्हणाला आणि खरोखरच फोन डोळ्यांपाशी धरून कोपऱ्यात बसला. ते बघून अक्कांना बसवेना. तिसऱ्या दिवशी पुन्हा भार्गवीचा. चौथ्या दिवशी भार्गवी घरूनच काम करत होती आणि तिला दोन्ही पडदे लागत होते.

सगळे इतके चांगले वागत होते की अक्कांना काय खुपतंय ते स्वतःलाच सांगता येईना. डबी चालत होती. ठरवलं होतं तशीच चालत होती. कुठल्याही मशीनला लावली की ते अक्कांचं होत होतं आणि काढली की ज्याचं त्याचं. आपणच मागितलेलं, आपणच करून घेतलेलं. मग असं रडू फुटल्यासारखं का होतंय? शनिवारी सकाळी त्या डबी हातात घेऊन हॉलमधे उभ्या होत्या. भार्गवी तिच्या लॅपटॉपवर, शंतनु त्याच्या लॅपटॉपवर. मोरी कधी मोकळी होते याची वाट बघत, टॉवेल हातात घेऊन उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी आपली गत झाली आहे, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं.

शंतनुनं वर बघितलं. “आई, हवाय का लॅपटॉप? घे, मी उठतो.”

“नको,” अक्का म्हणाल्या. “तू उठू नकोस. मला एक मशीन हवंय. माझं. आणि एक टेबल.”

शंतनुनं आईकडे अशा नजरेनं बघितलं की जणू ती कुठली तरी तिसरीच भाषा बोलली. “देतो की. पण आई, मग ती डबी कशाला केलीस? ती तर कुठल्याही मशीनवर चालते ना?”

“डबीला कुठलंही चालतं रे,” अक्का म्हणाल्या. “मला नाही चालत.”

हे वाक्य आपण बोललो का, अशी अक्कांनाच शंका आली. शंतनु भार्गवीकडे बघत होता. भार्गवीनं लॅपटॉप मिटला, उठली आणि हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“कुठे ठेवायचं टेबल?” तिनं विचारलं. “तुम्हाला कुठे हवंय आई?”

अक्कांनी खिडकीकडे बघितलं, मग रोपट्याकडे, मग सोफ्यामागच्या भिंतीकडे. त्या घरात जागा पुष्कळ होती. भार्गवी खरंच उत्तराची वाट बघत होती. आयुष्यात हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“स्वल्प थांब,” त्या म्हणाल्या. “मला बघू दे.”